आजाराने पाच वर्षे दम धरावा

माणसाने पैसे कशासाठी साठवावेत याबद्दल आपल्या सरकारची मते फार ठाम आहेत. म्हातारपणासाठी साठवलेत तर सरकार पाठीवरून हात फिरवते. घरासाठी कर्ज काढलेत तर शाबासकी देते. दहा वर्षांच्या आतल्या मुलीच्या नावाने खाते उघडलेत, तर त्याला 'सुकन्या' आणि 'समृद्धी' अशी दोन दोन नावे ठेवून वर व्याजावरचा करही माफ करते. पण 'मी केव्हा तरी आजारी पडणारच आहे, त्यासाठी आतापासून थोडे थोडे बाजूला टाकतो,' असे कोणी म्हणाले, की आयकराचा कायदा त्याच्याकडे असा बघतो, जशी वरमाय आहेर न आणलेल्या पाहुण्याकडे बघते. आजारी पडायचेच असेल तर माणसाने रीतसर विमा कंपनीच्या मार्फत पडावे, परस्पर पडू नये, असे कायद्याचे म्हणणे दिसते.

माझे म्हणणे उलटे आहे. आजारपणासाठी स्वतःच्या नावावर साठवलेल्या पैशाला कायद्यात स्वतंत्र खाते असले पाहिजे, त्यात घालताना आणि औषधपाण्यासाठी काढताना कर लागता कामा नये. हे मी बँकेत जेवणाच्या सुट्टीत इतक्या वेळा बोललो आहे की आता मी डबा उघडला की हेडकॅशियर आपला डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर जातात. घरी सौभाग्यवतीला दुसरे टेबल नसल्यामुळे तिने 'एकदाचे छापून टाका' असा सल्ला दिला.

माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. मी बी.कॉम. आहे. वीसेक वर्षे एरंडोलमध्ये बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला बसतो आहे. डॉक्टरला माणसाचा रोग दिसतो, मला त्या रोगाचा आकडा दिसतो. सकाळी साडेदहाला कोणी मुदत ठेवीची पावती घेऊन, डोळे खाली घालून उभा राहिला, की मी विचारायच्या आत समजतो, जळगावला कोणाला तरी ॲडमिट केले आहे.

आमच्याकडे म्हातारी माणसे ठेवीच्या पावत्यांना नावे ठेवतात. ही नातीच्या लग्नाची, ही विहिरीची, ही दुखण्याखुपण्याची. पावती एकाच रंगाची, व्याज एकाच दराचे, पण त्यांच्या पिशवीत तिन्हींचे कप्पे वेगळे. 'दुखण्याखुपण्याची' पावती सर्वांत खाली, रेशनकार्डाच्या घडीत. समजा तीन लाखांची ठेव आहे आणि व्याज सात टक्के आहे. वर्षाचे एकवीस हजार झाले. ठेवणारा वीस टक्क्यांच्या पायरीवर असेल तर उपकर धरून त्यातले चार हजार तीनशे अडुसष्ट रुपये कराचे. व्याज मुदत संपल्यावर मिळणारे असले तरी, म्हणजे अजून त्याने त्याचे तोंडही पाहिलेले नसले तरी, बँक ते दरवर्षी त्याच्या नावे धरते. आणि मधेच छातीत कळ आली म्हणून ठेव मोडावी, तर बहुतेक बँका दरात एखादा टक्का दंड म्हणून कापून घेतात. आजारी पडल्याचा दंड. लग्नासाठी मोडली तरी तेवढाच, हे खरे; पण लग्नाची तारीख निदान आपण ठरवतो.

२०१८ च्या आधीची एक गोष्ट सांगतो. तेव्हा बँकेत वर्षाला दहा हजारांच्या वर व्याज झाले की म्हाताऱ्यांचाही कर कापून घ्यावा लागे. (पुढे म्हाताऱ्यांसाठी ही मर्यादा पन्नास हजार झाली आणि एप्रिल २०२५ पासून एक लाख.) जवळच्या खेड्यातली एक आजी डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली रक्कम न्यायला आली. फॉर्म भरून दिलेला नव्हता, त्यामुळे व्याजातून कर गेलेला. मी तिला समजावले, की आजी, हे पैसे बँकेने नाही घेतले, सरकारने घेतले. आजीने चष्म्याची दोरी सारखी केली आणि शांतपणे विचारले, "पैसा मना, दुखनं मनं, मंग हाऊ तिसरा कोन शे?" बी.कॉम.च्या तीन वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. अजूनही त्याचे उत्तर माझ्याकडे नाही.

आता कोणी म्हणेल, करात सूट मिळणारी ठेव आहे की! आहे. २००६ साली केंद्र सरकारने बँकांसाठी ती योजना काढली. पाच वर्षांची ठेव, जुन्या करपद्धतीत ८० सी खाली सूट. मात्र पाच वर्षे ती मोडता येत नाही. तिच्यावर कर्जही काढता येत नाही. कोणत्याही कारणाने नाही. एकच अपवाद आहे, ठेवीदाराचा मृत्यू. मग वारसाला मुदतीआधी पैसे मिळतात.

आमचे एक निवृत्त गुरुजी आहेत. आमच्या शाखेतल्या निम्म्या स्टाफला त्यांनी पाढे शिकवले आहेत, त्यामुळे ते आले की आम्ही सगळे अजूनही जरा ताठ बसतो. निवृत्तीच्या वर्षी कर वाचावा म्हणून त्यांनी दीड लाखाची अशी ठेव ठेवली होती. दोन वर्षांनी प्रोस्टेटच्या ऑपरेशनची वेळ आली. गुरुजी पावती घेऊन आले. मी म्हटले, "गुरुजी, ही मोडता येत नाही."

"का बरं?"

"कर वाचवणारी आहे."

"मग करू नको माफ. जेवढा वाचवलाय तेवढा कापून घे आणि बाकीचे दे."

"तशी सोय नाही, गुरुजी."

"मग कशी सोय आहे?"

सोय कशी आहे हे गुरुजींच्या तोंडावर सांगणे कठीण होते, म्हणून मी नियमाचा कागदच त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो वर्गात निबंध तपासावा तसा बोट फिरवत वाचला. मग म्हणाले, "म्हणजे मी ऑपरेशन केले नाही, तर पैसे मिळतील."

शेवटी गुरुजींनी काकूंच्या पाटल्या आणल्या आणि आमच्याच शाखेत सोनेतारण कर्ज काढले. त्या कर्जाचे कागद मीच लिहिले. एका खात्यात गुरुजींचे स्वतःचे दीड लाख निजलेले, आणि शेजारच्या खात्यात त्याच गुरुजींनी त्याहून चढ्या व्याजाने काढलेले कर्ज. आमच्या जिल्ह्याला सुवर्णनगरीचा मान आहे, पण तिथले सोने बहुतेक वेळा असेच दवाखान्यात जाते.

पीपीएफची तऱ्हा थोडी बरी. तिथे सरकारने निदान जिवावरचे दुखणे असते एवढे मान्य केले आहे. खातेदाराला, नवराबायकोला, अवलंबून असलेल्या मुलांना किंवा आईवडिलांना जीवघेणा आजार झाला, तर मुदतीआधी खाते बंद करून पैसे घेता येतात. व्याजात एक टक्का कमी, वर कागदपत्रे. आणि खात्याला आधी पाच वर्षे पूर्ण झालेली हवीत. म्हणजे आजाराने पाच वर्षे दम धरावा. कॅन्सर असला म्हणून काय झाले, शिस्त म्हणून काही आहे की नाही?

राहिला विमा. मेडिक्लेम १९८६ साली आली आणि विम्याच्या हप्त्याला सूट देणारे ८० डी हे कलमही त्याच सुमाराला आयकरात शिरले. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतो आणि कलमांचे आकडे बदलतात, पण माणसे तिला ८० डीच म्हणत राहतील, जसे आमच्याकडे हायवेचा नंबर बदलून वर्षे झाली तरी तो 'सहा नंबर'च आहे. हप्त्याला पंचवीस हजारांपर्यंत सूट, ज्येष्ठांना पन्नास हजारांपर्यंत. ही मेहेरबानी चालू असतानाच त्याच हप्त्यावर जुलै २०१७ पासून अठरा टक्के जीएसटी होता, त्यातला निम्मा केंद्राचा आणि निम्मा राज्याचा. एका खिशात सूट घालायची आणि दुसऱ्या खिशातून काढून घ्यायची, हा प्रकार आठ वर्षे चालला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी शून्य झाला, त्याबद्दल मी सरकारचे मनापासून आभार मानतो. ते मानले पाहिजेत. पण ज्या माणसाने विमा कंपनीला न देता तेच पंचवीस हजार दरवर्षी स्वतःच्या खात्यात दुखण्यासाठी टाकले, त्याला काय? त्याला काही नाही. विमा कंपनीने दावा नाकारला तरी हप्त्याची सूट कायम. आणि याने स्वतःच्या पैशाने बिल भरले तरी साठ वर्षांच्या आत तो कोणीच नाही. साठीनंतर, विमा नसेल तर, जुन्या पद्धतीत पन्नास हजारांपर्यंतचा खर्च वजा होतो, तोही रोख भरला नसेल तर. एरंडोलच्या शनिवारच्या गर्दीत, डॉक्टर फी मागत असताना म्हाताऱ्याने पिशवीतून चेकबुक काढावे अशी अपेक्षा आहे.

मोठ्या आजारांसाठी वेगळी सूट होती, ८० डीडीबी. तिच्याबरोबर १९६१ च्या कायद्याखाली रोगांची एक यादी होती. ती मी हौसेने वाचली. कॅन्सर, किडनी निकामी होणे, थॅलेसेमिया हे ठीक. पण मेंदूच्या विकारांत हेमिबॅलिस्मस आणि डिस्टोनिया मस्क्युलोरम डिफॉर्मन्स अशी नावे आहेत, की ती उच्चारता उच्चारता माणूस यादीत बसावा. आणि हार्ट अटॅक? शोधून शोधून दमलो. नाही. ज्या दुखण्याने आमच्या शाखेतले तीन जण गेले, ते यादीत नाही.

नव्या करपद्धतीत तर हा घोळच मिटवून टाकला आहे. तिथे ना विम्याची सूट, ना आजाराची. हेडकॅशियर मला इथे अडवतात. "अरे, आता बारा लाखांपर्यंत करच नाही, मग रडतोस कशाला?" बारा लाखांचे मला कौतुक आहे. पण ती सवलत उत्पन्नाला आहे, दुखण्याला नाही. चौदा चौदा लाखांचे दोन पगारदार घ्या. एकाने चार लाखांचे बायपास केले, दुसऱ्याने चार लाखांची मोटार घेतली. नव्या पद्धतीत दोघांना एकसारखा कर. कायद्याच्या दृष्टीने दोघांनीही हौस केली.

माझा भाचा अमेरिकेत, न्यू जर्सीत एडिसनला राहतो. रविवारी त्याचा फोन येतो. एकदा बोलता बोलता तो म्हणाला, "मामा, तुम्ही म्हणता तसे खाते इथे आहे." मी अर्धा चहा तसाच ठेवला. डिसेंबर २००३ मध्ये तिथे कायदा झाला, आणि पुढच्या वर्षापासून अशी आरोग्य बचत खाती निघाली. मोठ्या रकमेपर्यंतचा खर्च आपणच सोसायचा अशा स्वस्तातल्या विम्याबरोबर ते खाते उघडता येते. २०२५ साली एकट्याला ४,३०० आणि कुटुंबाला ८,५५० डॉलरची मर्यादा होती. घालताना कर नाही, वाढताना कर नाही, डॉक्टरसाठी काढताना कर नाही. उरले तर पुढच्या वर्षी. औषधाऐवजी सहलीसाठी काढले तर मात्र कर, आणि पासष्ट वर्षांच्या आत असाल तर वर वीस टक्के दंड. मी म्हटले, हेच! हेच मी हेडकॅशियरला सांगत होतो!

"पण मामा, हे वॉशिंग्टनचे झाले. आमचे राज्य हे खाते मानत नाही."

न्यू जर्सीचा आणि कॅलिफोर्नियाचा असा खाक्या आहे म्हणे. केंद्र म्हणते हे पैसे पगारात धरू नका. राज्य म्हणते धरा. त्यामुळे भाच्याच्या पगाराच्या वार्षिक दाखल्यावर एकाच माणसाच्या एकाच वर्षाच्या पगाराचे दोन आकडे छापलेले असतात, केंद्राचा लहान आणि राज्याचा मोठा. खात्यातले व्याज केंद्राला दिसत नाही, राज्याला दिसते. पैसे काढताना राज्य काही विचारत नाही. डॉक्टरला दिले की हॉटेलात उडवले, त्याला काय. त्याने आपले आत जातानाच घेतलेले असते. न्यू जर्सीचा आयकर १९७६ चा, त्याची वजावटीची वही वेगळी, ती केंद्राच्या वहीशी जुळवून घेत नाही. हे ऐकून मला परदेशाबद्दल प्रथमच आपलेपणा वाटला.

पण पुढचे ऐका. त्याच न्यू जर्सीत, वर्षाच्या उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या वर औषधपाण्याचा खर्च गेला, तर वरचा खर्च उत्पन्नातून वजा होतो. वयाची अट नाही, रोगाची यादी नाही. म्हणजे ते राज्य खात्याला ओळखत नाही, पण दुखण्याला ओळखते. वॉशिंग्टन तर दोन्हीला ओळखते. आणि आम्ही? आम्ही विमा कंपनीला ओळखतो.

आमच्या राज्यालाही पगारदारांची ओळख आहे, नाही असे नाही. दर महिन्याला व्यवसाय करापोटी दोनशे रुपये कापले जातात आणि फेब्रुवारीत तीनशे. महिना सर्वांत लहान आणि कापणी सर्वांत मोठी, हे गणित गुरुजींनाही सुटलेले नाही. १९७५ च्या कायद्याने हा कर आला, रोजगार हमीसाठी म्हणून आला, तेव्हा कोणी कुरकुर करू नये आणि मीही करत नाही. पासष्टी ओलांडलेल्यांना तो माफ आहे, कायमचे अपंगत्व आलेल्यांनाही आहे. तात्पुरत्या दुखण्याला मात्र त्यात जागा नाही. आमचा एक सहकारी काविळीने दोन महिने अर्ध्या पगारावर अंथरुणात होता. पगार अर्धा झाला, व्यवसाय कर पुराच. त्या दोन महिन्यांत त्याने कुठला व्यवसाय केला, हे त्याच्या बायकोला अजून समजलेले नाही.

कराचे म्हणाल तर आमच्या गावाला त्याचा जुना अनुभव आहे. महाभारतातली एकचक्रानगरी म्हणजे आमचे एरंडोल, अशी इथली परंपरा सांगते. जवळच पद्मालयाला जाणाऱ्या यात्रेकरूंना भीम आणि बकासुराची गोष्ट हमखास ऐकायला मिळते. गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस, अशी पाळी ठरलेली. बकासुराबद्दल मला प्रेम नाही. पण एक सांगतो, तो तीन खिडक्यांना पाठवत नव्हता. आणि एका घरची पाळी भीमाने स्वतःवर घेतली, तेव्हा 'हा तुमच्या कुटुंबाच्या व्याख्येत बसत नाही' असे म्हणून त्याने गाडा परत पाठवला नाही. पाठवला असता तर बरे झाले असते, हे त्याला नंतर कळले.

हेडकॅशियरचा मोठा आक्षेप वेगळा आहे. ते म्हणतात, असे खाते काढले तर लोक खोटी बिले आणतील. आता हे म्हणणाऱ्या माणसाला २०१८ च्या आधीचा मार्च आठवत असावा. तेव्हा वर्षाला पंधरा हजारांपर्यंत मिळणारा वैद्यकीय खर्च, बिले दिली की करमुक्त असे. त्यामुळे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात देशभरच्या कचेऱ्यांत एकदम साथ येई. अकरा महिने शिंक न आलेली माणसे पंधरा हजारांची औषधे प्यायलेली निघत. केमिस्टकडे रांग असे, ती औषधाची नव्हे, कागदाची. १ एप्रिल २०१८ पासून ती सूट गेली, त्याऐवजी प्रमाणित वजावट आली, आणि साथ एका रात्रीत ओसरली. हे सगळे खरे. पण पंधरा हजारांसाठी काही लोकांनी खोटे खोकले काढले, म्हणून खऱ्या खोकल्याचे खातेच नको, हा कुठला न्याय? नोटा खोट्या निघतात म्हणून आपण कॅश काउंटर बंद केला का? आपण ती उजेडात धरून बघणारे मशीन आणले. ते मशीन स्वतः हेडकॅशियरच्या टेबलावर आहे.

शिवाय आता रुग्णालयाचे बिल खात्यातून थेट रुग्णालयाच्या खात्यात जाऊ शकते. म्हातारीच्या हातात पैसेही द्यायला नकोत. वर्षाला ठरावीक मर्यादा ठेवा, हवे तर पंचवीस हजारच ठेवा, जेवढे विमा कंपनीला दिले तर चालतात तेवढे. व्याज करमुक्त करा. दवाखान्यासाठी काढले तर दंड नाही आणि वाट बघणेही नाही. पहिल्या वर्षी आजारी पडला तर पहिल्या वर्षी मिळाले पाहिजेत. लग्नासाठी काढले तर कर घ्या, वर दंडही घ्या, मी स्वतः कापून देईन. राज्याची महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, तिच्यात पाच लाखांपर्यंतचे उपचार होतात, ते ज्यांना मिळतात त्यांना मिळोत. पण ती दवाखान्यात भरती झालेल्या माणसासाठी आहे. दर महिन्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या, साखरेच्या तपासण्या, जळगावच्या फेऱ्या, दातांची कवळी, कानाचे यंत्र, हे सगळे आमच्या सर्वांत खालच्या पावतीतूनच जाते.

परवा हे सगळे मी हेडकॅशियरना एका दमात ऐकवले. ते भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत होते, म्हणून मला वाटले, पटले. मग म्हणाले, "समजा केंद्राने काढले असे खाते. आणि न्यू जर्सीसारखे आपल्या राज्याने नाही मानले तर?"

मी म्हटले, आपल्याकडे ती भीती नाही. पगारावरचा आणि व्याजावरचा आयकर केंद्राचा. राज्याच्या हातात शेतीच्या उत्पन्नावरचा कर आणि आपले ते दोनशे रुपये. आणि खाते खरोखर निघणार असेल, तर राज्याने फेब्रुवारीच्या तीनशेचे चारशे केले तरी मी हूं की चूं करणार नाही.

"तसे करता येत नाही," हेडकॅशियर म्हणाले. "वर्षाला अडीच हजारांच्या वर घ्यायचे नाहीत. घटनेत आहे. कलम दोनशे शहात्तर." आणि त्यांनी डबा बंद केला.